बडतर्फ पोलीस परत कामावर येणार का, हे ठरवतं कोण?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे, पण शेवटपर्यंत थांबा.

2020 चा मे महिना आठवा. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. दुसऱ्याच दिवशी चार पोलिसांना नोकरीवरून काढलं. आपल्याला वाटतं, काढलं म्हणजे विषय संपला. पण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो तिथे संपत नाही.

का? कारण पोलिसांची युनियन असते आणि तिचा शहराशी करार असतो. शिक्षा मान्य नसेल तर पोलीस दाद मागू शकतो, आणि ती बहुतेकदा लवादापुढे. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंचं ऐकून निर्णय देणारा त्रयस्थ माणूस. तो न्यायाधीश नसतो, पण त्याचा निर्णय बंधनकारक असतो. तो म्हणाला ‘शिक्षा जास्त झाली, परत घ्या’, तर शहराला घ्यावंच लागतं.

हे किती वेळा होतं? ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने 2017 मध्ये देशातल्या मोठ्या पोलीस दलांची माहिती जमवली. 2006 पासून बडतर्फ झालेल्या 1,881 पोलिसांपैकी 450 हून जास्त जणांना परत घ्यावं लागलं होतं. आता लगेच ‘सगळे लवाद विकले गेलेत’ असं म्हणू नका. कधी चौकशीच ढिसाळ असते, कधी तीच चूक करणाऱ्या दुसऱ्याला नुसती समज देऊन सोडलेलं असतं. लवादाला तेही बघावं लागतं.

आता मिनेसोटातलंच रिचफील्ड शहर घ्या. एका पोलिसाने सोमाली वंशाच्या तरुणाला मारलं आणि बळ वापरल्याची नोंद केली नाही. शहराने त्याला काढलं, लवादाने थोड्या दिवसांच्या निलंबनावर भागवलं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2019 मध्ये कोर्टाने लवादाचा निर्णय कायम ठेवला. म्हणजे एकदा लवाद बोलला की कोर्टही सहसा मध्ये पडत नाही. मग खरा प्रश्न उरतो, या खुर्चीत बसायची पात्रता काय?

आधी पद्धत अशी होती: नावांची यादी यायची, शहर आणि युनियन आळीपाळीने एकेक नाव खोडायचे, उरेल तो लवाद. टीकाकार म्हणायचे, ‘एका बाजूला फार दुखावलं तर पुढच्या वेळी आपलंच नाव खोडलं जाईल’ हे लवादाच्या डोक्यात राहणारच.

जुलै 2020 मध्ये मिनेसोटाने कायदा बदलला. आता पोलिसांच्या शिस्तीच्या प्रकरणांसाठी लवादांची वेगळी यादी असते. आडनावाच्या वर्णानुक्रमाने ज्याची पाळी, त्याच्याकडे प्रकरण. दोन्ही बाजूंना निवडीत हात घालता येत नाही.

आणि प्रशिक्षण सक्तीचं. किमान 6 तास वंशभेद, मनात नकळत बसलेले पूर्वग्रह आणि वेगवेगळ्या समाजांची समज यावर. आणखी किमान 6 तास पोलिसांच्या रोजच्या कामावर. त्यासाठी लवाद ड्यूटीवरच्या पोलिसासोबत गाडीतून फिरूही शकतो.

मला ही जोडी महत्त्वाची वाटते. रस्त्यावर मार खाल्लेल्याची बाजू कळायला हवी, आणि रात्री दोन वाजता अंधाऱ्या गल्लीत शिरणाऱ्याचीही. बारा तासांत माणूस बदलतो का? मला शंका आहे. पण ‘अनुभवी आहे, चालेल’ एवढ्यावर न थांबता कसला अनुभव हे कायद्याने विचारलं, ही गोष्ट छोटी नाही.

आपल्याकडे चित्र वेगळं. महाराष्ट्रात शिक्षा झालेला पोलीस आधी खात्यातच वरिष्ठांकडे अपील करतो, मग ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो. तिथे न्यायिक आणि प्रशासकीय असे दोन्ही प्रकारचे सदस्य असतात. खासगी लवाद यात नसतो. पण प्रश्न तोच: ऐकणाऱ्याला कोणाचं जगणं माहीत आहे?

तुम्हाला काय वाटतं? त्या खुर्चीत बसणाऱ्याला आणखी काय यायला हवं? आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत ऐकत राहा!