सर्वांत मागची सायकल

चंद्रपूर जिल्ह्याने देशाला दिलेली सर्वांत मोठी ग्रुप राइड म्हणजे बाबा आमट्यांचे ‘भारत जोडो’. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर निघाले आणि सुमारे पाच हजार किलोमीटर तुडवत काश्मीरकडे गेले. मणक्याच्या आजाराने बसणेही अशक्य झालेले बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्यासोबत होते. १९८८ मध्ये दुसरी यात्रा इटानगरहून ओख्याला गेली. वरोऱ्याच्या आनंदवनात आजही या यात्रांचा विषय निघतो, तो कोणत्या गावात मुक्काम पडला, कोणती भाषा कानावर आली, कोण आजारी पडले आणि त्याला कसे सांभाळून नेले, यासाठी. कोणाचा सरासरी वेग किती होता, याची चौकशी कोणी करत नाही. आज चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, गडचिरोलीत रविवारी पहाटे हेल्मेट घालून जमणाऱ्या गटांकडे मात्र वेगाचा हिशेब चोख असतो. मोबाइलवर नकाशा, नकाशावर वेळ आणि राइड संपायच्या आत ग्रुपवर स्क्रीनशॉट. माझे म्हणणे असे की, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत रविवारच्या राइडची पारख मागून करावी. सर्वांत मागे कोण होते, त्याच्याजवळ काय होते आणि तो कोणाला सोबत घेऊन परतला, हे पाहावे.

गटाने सायकल चालवण्याचा शास्त्रशुद्ध फायदा सांगितला जातो तो ड्राफ्टिंगचा. पुढचा हवा कापतो, त्याच्या आडोशाने मागच्याची ताकद वाचते. हे खरेच आहे, पण त्यामागचे गणित वेगाचे आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून पस्तीस-चाळीसच्या वेगाने धावणाऱ्या शर्यतीत आडोसा फार मोलाचा ठरतो. ताशी पंधरा-अठरा किलोमीटरने मूलकडे निघालेल्या गटाची त्यातून फारशी बचत होत नाही. शिवाय आडोसा मिळवायचा तर पुढच्या चाकापासून जेमतेम हातभर अंतर ठेवावे लागते. घुग्घुस किंवा पद्मापूरच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांनी पाडलेले खड्डे, ताडपत्रीखालून सांडलेली ढेकळे आणि डांबरावर पसरलेली भुकटी असताना इतके चिकटून चालवणारा खड्डा पाहतो तेव्हा चाक त्यात गेलेले असते. म्हणजे पुस्तकातला ग्रुप राइडचा पहिला फायदा इथे अपघाताचे कारण ठरतो. तरीही इथे एकट्याने जाऊ नये, हे सगळ्यांना पटते. मग गट हवा तो कशासाठी, हे नीट शोधायला हवे.

उत्तर मिळते ते रांगेच्या शेवटाला. सायकलवाले त्याला ‘स्वीप’ म्हणतात. त्याचा नियम एकच: कोणालाही मागे टाकायचे नाही. तो बहुधा गटातला चांगल्या दमाचा माणूस असतो आणि तो दम राखून ठेवणे हेच त्याचे काम. त्याच्या पिशवीत दोन ट्यूब, पंप, लिव्हर, सोल्युशन, पॅच, चेन तोडायचे हत्यार आणि एक चिंधी असते. चिंधीचे महत्त्व या जिल्ह्यात वेगळेच. तेल पाजलेल्या चेनवर कोळशाची भुकटी बसली की तिची कानशीसारखी लेई होते आणि कडी-दात दोन्ही झिजवते. म्हणून खाणीच्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावर जाणता स्वीप सायकल टेकवतो, चेन चिंधीच्या मुठीत धरतो, पेडल उलटे फिरवतो आणि काळी झालेली घडी बदलून पुन्हा फिरवतो. पंक्चर झाले तर नवी ट्यूब घालण्याची घाई करत नाही. टायरच्या आतून बोट फिरवत बाभळीच्या काट्याचे टोक आधी शोधतो. ते राहिले तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. हवा भरेपर्यंत नवखा रायडर शरमून उभा असतो आणि स्वीप त्याला पुढची ट्यूब स्वतःच्या हाताने घालायला लावतो. पुढच्या रविवारी तो माणूस येतो की नाही, हे याच दहा मिनिटांत ठरते, असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप तरुणांचा. सर्वांत हळू माणसाच्या चालीने जायचे, तर अंगातल्या ताकदीचे काय करायचे? आक्षेप रास्त आहे. वेगाचा आनंद खोटा नाही आणि विदर्भाला त्याचा अभिमानही आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१८ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. पण त्या ‘एकट्या’च्या शर्यतीचा नियम काय? रात्री मागे सोबतची गाडी असल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आपल्याकडे लोकप्रिय झालेल्या बीआरएम या ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास; आणि तिथे क्रमांकही लावत नाहीत. वेगापेक्षा सोबत मोठी, हे लांब पल्ल्याच्या जगाने आधीच ओळखले आहे. ज्याला रग जिरवायची त्याने आठवड्यात सपाट रस्त्यावर खुशाल घड्याळ लावावे. रविवार गटाचा.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. गावात सायकल ही गरज. शहरातल्यांनी हजारोंची गिअरची सायकल घेऊन त्याच रस्त्यावर हौस मिरवावी का? मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, गडचिरोलीतही मिळतात. साधी, बिनगिअरची, पुढे टोपली असलेली ती सायकल मुलीची शाळा टिकवते. पण ब्रेकचे रबर झिजले, स्पोक तुटला, तर दुरुस्तीचे दुकान गावात असतेच असे नाही, आणि पन्नास-शंभर रुपयांच्या कामासाठी ती सायकल भिंतीला टेकून पडते. स्वीपची पिशवी इथे हौसेच्या पलीकडे जाते. महिन्यातला एक रविवार एखाद्या आश्रमशाळेच्या किंवा जिल्हा परिषद शाळेच्या आवारात घालवला, सायकली उलट्या करून ब्रेक बसवले, मुलींनाच पंक्चर काढायला शिकवले, तर त्या रस्त्यावर गटाचा हक्क मला मान्य आहे.

आता अडचणी. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. नऊच्या आत घरी पोहोचायचे तर पाचला निघणे भाग. नेमकी तीच वाघाची वेळ. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, पण आज वाघ उद्यानापुरते राहिलेले नाहीत. लोहारा, जुनोना, चिचपल्ली, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, इकडे गडचिरोली-आरमोरीपर्यंत त्यांचा वावर आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलेही पहाटे झाडाखाली असतात. सायकलला आवाज नसतो, हा तिचा गुण इथे घात करतो. जनावराला आपली चाहूल लागते तोवर आपण त्याच्या अंगावर गेलेलो असतो. गट पांगला की प्रत्येक जण एकटा. चेन पडली म्हणून वाकून बसलेला माणूस तर जास्तच धोक्यात.

काही जण म्हणतील, जंगलातले रस्ते सोडूनच द्या. गावकऱ्यांना ते सोडता येत नाहीत, त्यांचे पोट त्या रस्त्याने जाते. आपल्याला सोडता येतात, म्हणूनच संयमाची जबाबदारी आपल्यावर जास्त. मार्च ते जून जंगलाची वाट बंद ठेवावी. वरोरा रस्त्याने भद्रावती गाठावी किंवा जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे गोंडकालीन दरवाजे शहरातच फिरावे. हिवाळ्यात मूल रस्त्याला जायचे तर पूर्ण उजाडल्यावर, वनरक्षकाला विचारून, घंटी वाजवत, दोन सायकलींत हाकेचे अंतर ठेवून. त्यामुळे राइड छोटी होईल, स्क्रीनशॉट फिका दिसेल. दिसू द्यावा.

ट्रकांपुढे मात्र स्वीपचेही काही चालत नाही. सुरजागडचे लोहखनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टीमार्गे बाहेर पडते. भरलेला ट्रक बाजूने गेला की साइडपट्टीच्या मातीत उतरावे लागते, आणि पावसाळ्यात ती मातीही नसते, चिखल असतो. त्या रस्त्यावर मी कोणत्याही गटाला रविवारी जा म्हणणार नाही. पण सोमवारी त्याच कडेने दप्तर टोपलीत टाकून शाळेला जाणाऱ्या मुलीला दुसरा रस्ता नाही. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी जड वाहतूक थांबवा आणि दोन्ही कडांना पक्की पट्टी द्या, एवढी मागणी ग्रामसभांच्या ठरावांसोबत जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायला सायकल गटांना काहीच अडचण नाही. त्यांच्याकडे डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, अभियंते आहेत, आणि कोणत्या किलोमीटरला पट्टी किती खचली आहे हे मोजायला लागणारी सायकलही आहे.