बाबागाडी, मोत्या आणि बेंबळीची पाणंद

बाबागाडी घेऊन खेड्यात जाणारी सून तुम्ही पाहिली आहे का? नसेल, तर गेल्या दिवाळीत तुम्ही बेंबळीला यायला हवे होते. धाराशिव तालुक्यातले हे आमचे सासरगाव. मोटारीतून आधी आठ महिन्यांचे बाळ उतरले, मग घडीची बाबागाडी उतरली आणि शेवटी मोत्या उतरला. ओसरीवरच्या मंडळींनी बाळाला पाहून हात पसरले, गाडीला पाहून तोंडाला पदर लावला आणि मोत्याकडे पाहून एकमेकींकडे पाहिले.

त्या पाहण्याला कारण होते. मोत्याला गावी ठेवून यायचे, असे पुण्यातच ठरले होते. “रांगत्या मुलाच्या घरात कुत्रे नको,” हे माझ्या आईचे मत, तेच सासूबाईंचे आणि हळूहळू ह्यांचेही. सहा वर्षे आमच्या घरात वाढलेला तो जीव, पण बाळाच्या आजारपणाची शंका पुढे केली की कोणती आई वाद घालील? मी मान डोलावली होती. भाऊबीज झाली, हे नोकरीवर रुजू व्हायला परत गेले. मी तीन आठवडे राहणार होते.

खरे सांगायचे तर बाळंतपणापासून मी चाललेच नव्हते. पुण्यात रस्ता ओलांडायची भीती, इथे चार भिंती. चौथ्या दिवशी सकाळी मी मुलाला गाडीत बसवले, पट्टा बांधला आणि मोत्याची साखळी गाडीच्या दांड्याला अडकवून बाहेर पडले. हात मोकळे राहतात, असा माझा हिशेब! गावाबाहेर पडतो न पडतो तोच मोत्याला मांजर दिसले. त्याने उडी घेतली आणि गाडी कलंडली. मुलाला पट्टा होता म्हणून बरे. तो घाबरून रडला, एवढेच. चूक सगळी माझी होती, पण घरी कळले असते तर शिक्षा मोत्याला झाली असती. मी कोणाला काही बोलले नाही. वाचक भगिनींनो, साखळी नेहमी हातात धरावी. गाडीला कधीही बांधू नये.

दुसरा धडा काळ्या मातीने दिला. या शिवारातली माती दवाने जराशी ओली झाली तरी चाकाला अशी धरते की चार पावलांत चाकाचा लाडू होतो. आमच्या गाडीची चाके वाटीएवढी. ती जन्मली आहेत गुळगुळीत फरशीसाठी. छत्रीसारखी मिटणारी ही गाडी ओवेन मॅक्लारेन या इंग्रज विमान-अभियंत्याने १९६५ मध्ये तयार केली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेत त्याचा हात होता. विमान उतरवणाऱ्या माणसाने आमच्या पाणंदीचा विचार करायला नको का? शेवटी मीच तोडगा काढला. डांबरी सडकेपर्यंत आणि कडेच्या मुरमाच्या वाटेवर गाडी, माती लागली की मूल पाठीशी झोळीत आणि गाडी मिटून बाभळीला टेकवलेली. ती कोणी नेईल अशी भीती मला पहिले दोन दिवस वाटली. कोण नेणार? कोणाच्या कामाची!

साडेसहाला निघायचे आणि ऊन चढण्याआधी परतायचे. सडकेवर हाताचा तळवा ठेवून पाहावा. आपल्याला चटका बसत असेल, तर कुत्र्याच्या पंजालाही बसतो. त्या दिवसांत तुरीला पिवळा फुलोरा होता, सोयाबीनच्या बनमी ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या आणि ज्वारीचे कोंब वीतभर वर आले होते. मूल तुरीच्या फुलांकडे हात करी, मोत्या प्रत्येक बांध हुंगून माझी वाट पाहत उभा राही. पहिल्या दिवशी मी अर्ध्या मैलात दमले होते. दुसऱ्या आठवड्यात ओढ्यापर्यंत जाऊन येऊ लागले, आणि रात्री मला झोप लागू लागली.

सासूबाईंची कुरकुर चालूच होती. एकदा मामंजी म्हणाले, “कोजागरीला बाया लेकरं काखेत घेऊन तुळजापूरला चालत जातात. ही ओढ्यापर्यंत गेली तर काय झालं?” सासूबाई म्हणाल्या, “त्या देवीला जातात. ही कुत्र्याला फिरवायला जाते.” यावर मामंजींनी पानाचा डबा उघडला.

तिसऱ्या आठवड्यात एका शेतात धनगरांनी मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढरांचे खत रानाला, शेतकऱ्याचे धान्य किंवा पैसे धनगराला, असा हा जुना व्यवहार. मी गाडी ढकलत वळणावर आले आणि दोन दांडगी कुत्री भुंकत अंगावर धावली. माझ्या पायांतले बळच गेले. गाडी फिरवून पळावे, एवढेच सुचत होते. तोच वाड्यातून आवाज आला, “बाई, पळू नका! हाईत तिथंच उभ्या ऱ्हावा!”

मी उभी राहिले. मोत्या, जो पुण्यात दूधवाल्यावरही भुंकतो, तो गाडीच्या चाकाला पाठ लावून खाली बसला. ना भुंकला, ना हलला. कुत्री चार हातांवर थबकली आणि गुरगुरत राहिली. धनगरीण आली, एका हाकेत तिने ती मागे घेतली. तिच्या पाठीला झोळीत माझ्या मुलाच्याच वयाचे पोर होते, आणि वाड्यात घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड लादायचे चालले होते.

तिने बाबागाडीभोवती एक फेरी मारली. “याला घोडं कुठं लावता?” तिने विचारले.

मी हसले खरी, पण तिचा प्रश्न रास्त होता. इंग्लंडातल्या एका उमरावाच्या मुलांसाठी विल्यम केंटने १७३३ मध्ये जी बालगाडी केली, ती जनावराने ओढायचीच होती. ढकलायची दांडी नंतर आली.

“तुमची कुत्री लेकराजवळ झोपतात?” मी विचारले.

“मग कुठं झोपावीत?” ती म्हणाली. मग मोत्याकडे पाहून, “ह्यो बी तसलाच हाय की.”

घरी येऊन मी सगळे सांगितले. पहिल्या दिवशी गाडी कलंडल्याचेही. सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ते मला त्याच दिवशी कळलं. खालच्या आळीतली पोरं सांगून गेली.”

“मग बोलला नाहीत?”

“तू दुसऱ्या दिवशी साखळी हातात धरलीस ते पाहिलं मी.”

शनिवारी हे न्यायला आले. मोत्याची ताटली मामंजींच्या खाटेखाली ठेवलेली होती. ती सासूबाईंनी घासून आणली आणि माझ्या पिशवीत घातली. वर एका फडक्यात चार भाकरी बांधून दिल्या. “ह्या त्याच्या. वाटेत तुम्ही खाऊ नका,” त्या म्हणाल्या. “आणि इंजेक्शनाची तारीख चुकवू नका.”

हे काही बोलायच्या आत मोत्या मागच्या बाकावर चढून बसला होता.