उन्हाळ्यात फवारणी पंपाचे इंजिन पुन्हा सुरू न होणे : कारणे आणि उपाय

वाराणसी परिसरात गंगेचे पाणी ओसरले की पात्रातील वाळूत काकडी, टरबूज, भोपळा या वेलवर्गीय पिकांची लागवड होते. मे महिन्यात तेथील तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा वेळी सकाळी सहज सुरू झालेला पाठीवरचा पेट्रोल पंप टाकी भरण्यासाठी बंद केला की पुन्हा सुरू होत नाही. अर्धे शेत फवारणीविना राहते, तेथून कीड पुन्हा पसरते आणि दोष मात्र औषधाला दिला जातो. पुढच्या वेळी मात्रा वाढते व किडीत प्रतिकारक्षमता निर्माण होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही.

असे का घडते?
इंजिन चालू असताना पंख्याची हवा त्यास थंड ठेवते. ते बंद होताच हवा थांबते आणि सिलिंडरमधील उष्णता कार्ब्युरेटर व इंधननळीकडे सरकते. पेट्रोलमधील सर्वांत हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. नळीत वाफ साचते व इंधनाचा प्रवाह तुटतो. पाण्याने थंड होणाऱ्या, पेट्रोलवरील मोटरबोटीच्या इंजिनातही पाणी थांबल्यावर हेच घडते. त्यानंतर चोक लावून वारंवार दोरी ओढल्यास सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त होऊन स्पार्क प्लग भिजतो.

काय करावे?
१. पंप सावलीत ठेवून १५ ते २० मिनिटे थांबावे. इंजिनवर पाणी ओतू नये.
२. इंजिन निवल्यावरच इंधन टाकीचे झाकण सावकाश सैल करून दाब सोडावा व पुन्हा घट्ट लावावे.
३. प्रायमरचा फुगा असल्यास नळीतील बुडबुडे जाईपर्यंत दाबावा.
४. चोक न लावता दोरी ओढावी.
५. प्लग ओला असल्यास काढून पुसावा. स्विच बंद ठेवून दोरी चार-पाच वेळा ओढावी, मग प्लग बसवावा.
६. दरवेळी गरम असतानाच ठिणगी मिळत नसेल, तर इग्निशन कॉइल तपासून घ्यावी.

गरम इंजिनात पेट्रोल कधीही भरू नये, आग लागू शकते. औषध लागलेले हातमोजे काढून, हात धुऊनच इंजिनला हात लावावा.

प्रतिबंध
सिलिंडरच्या पात्या व एअर फिल्टर वाळू-धुळीपासून स्वच्छ ठेवावेत. पेट्रोल ताजे वापरावे. टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. डबा सावलीत ठेवावा.

फवारणी शक्यतो सायंकाळी करावी. भर उन्हात थेंब लवकर सुकतात. सकाळी उमललेल्या भोपळ्याच्या फुलांवर मधमाश्या असतात. सायंकाळी इंजिनासही ताण कमी पडतो.

पंप बंद पडल्यास शेवटच्या ओळीत काठी रोवून खूण करावी. द्रावण ढवळून, त्याच दिवशी तेथूनच पुढे फवारणी पूर्ण करावी. झालेल्या ओळींवर पुन्हा फवारू नये.