हवेतली टक्कर

शेजारच्या दोन घरांतले मोबाइल एकाच क्षणी, एकाच चॅनेलवर बोलू लागले की हवेत त्यांच्या लहरी मिसळतात आणि राउटरच्या हाती बहुधा नुसता गोंगाट पडतो. गंमत अशी की ज्यांची टक्कर झाली त्या दोघांना तिचा पत्ताच नसतो.

ही अडचण वाय-फायहून जुनी आहे. 1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या चमूने टर्मिनलं रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. हेच अलोहानेट. मनाला येईल तेव्हा पाठवा, पोच आली नाही तर थांबून पुन्हा पाठवा, एवढाच नियम. अशा कारभारात वाहिनीची फार तर 18 टक्के क्षमता कामी येते. त्यातूनच स्फुरलेल्या इथरनेटने तारेवर हा गुंता सोडवला: पाठवता पाठवताच तारेवर कान ठेवायचा, दुसऱ्याचा संकेत मिसळला की तिथेच थांबायचं.

हवेत ही युक्ती चालत नाही. पाठवणाऱ्याची स्वतःची लहर समोरून येणाऱ्या लहरीच्या अब्जपट बलवान असू शकते; ढोल बडवणाऱ्याला पलीकडच्या गल्लीतली कुजबुज कशी ऐकू यावी? शिवाय टक्कर घडते घेणाऱ्यापाशी. राउटरच्या दोन बाजूंना बसलेले दोन लॅपटॉप एकमेकांना ऐकूच शकत नसतील, तर दोघांनाही हवा मोकळीच वाटणार.

म्हणून 1997च्या 802.11 या वाय-फाय मानकाने टक्कर ओळखण्याचा नाद सोडला आणि ती टाळण्यावर भर दिला. आधी ऐका, मग यदृच्छेने निवडलेला काही मायक्रोसेकंदांचा थांबा घ्या, मग पाठवा. पोच आली नाही तर थांब्याची मर्यादा दुप्पट करा. पण पोच न येण्याची कारणं दोन: टक्कर किंवा अंतरामुळे क्षीण झालेला संकेत. अनेक उपकरणं दुसरं कारण धरून वेग उतरवतात. मग तोच संदेश हवेत जास्त वेळ रेंगाळतो आणि टकरी वाढतात. माझ्या मते वाय-फायची खरी दुखरी नस हीच.

2008 साली एमआयटीत श्याम गोल्लाकोटा आणि दिना कताबी यांनी टकरीलाच कामाला लावलं. तेच दोन संदेश दुसऱ्यांदा आदळतात तेव्हा थांबे वेगळे असल्याने सरमिसळही वेगळी होते. एका टकरीतला मोकळा तुकडा वाचायचा, दुसरीतून तो वजा करायचा, असं नागमोडी पुढे जात दोन्ही संदेश सोडवायचे. त्यांच्या 14 रेडिओंच्या चाचणीत, एकमेकांना न ऐकणाऱ्या उपकरणांच्या संदेशांची सरासरी गळती 72.6 टक्क्यांवरून सुमारे 0.7 टक्क्यांवर आली. घरोघरच्या राउटरमध्ये मात्र ही युक्ती रुळली नाही.

तेव्हा जागचा न हलणारा टीव्ही किंवा संगणक असेल तर त्याला सरळ तार जोडा. आजच्या नेटवर्क स्विचला लावलेल्या तारेवर टक्कर होतच नाही, आणि तेवढीच हवा मोबाइलला मोकळी मिळते.