लाकूड कातणाऱ्यांचा मेळावा : तिथे असं काय शिकायला मिळतं, जे मोबाईलवर मिळत नाही?

मावळ : घरातलं लाटणं हातात घेऊन बघा. दोन्ही टोकांना निमुळतं, मधे भरीव आणि कुठूनही फिरवलं तरी सारखंच गोल. ते रंधा मारून होत नाही. लाकडाचा तुकडा लेथवर बसवून गरागरा फिरवायचा आणि फिरत्या लाकडाला धारदार हत्यार लावायचं, तेव्हा हा आकार येतो. ताक घुसळायची रवी, पोरांचा भोवरा, पाळण्याचे खांब, जुन्या खाटेचे पाय, देवघराचे छोटे खांब ही सगळी याच कामाची लेकरं. सुताराच्या इतर कामात लाकूड जागेवर असतं आणि हत्यार चालतं. इथे उलटं आहे. लाकूड चालतं आणि हत्यार जवळपास जागेवर.

या कामाला मराठीत कातणं म्हणतात. सूत कातणं वेगळं, हे लाकूड कातणं. ते करणारा कातारी. 'कातीव खांब' हा शब्द आपण आजही वापरतो, कातारी मात्र गावात शोधावा लागतो. लाटणी आता गठ्ठ्याने बाजारात येतात, रवीची जागा मिक्सरने घेतली आणि भोवरा प्लास्टिकचा झाला. ज्या सुतारांकडे लेथ आहे, त्यातल्या बऱ्याच जणांच्या लेथवर जिन्याच्या कठड्याची ऑर्डर आली तरच पट्टा चढतो.

दुसऱ्या बाजूला हौशी लोक या कामाकडे वळताहेत. नोकरीतून मोकळे झालेले, वर्कशॉपमध्ये हात चाललेले, नाहीतर मोबाईलवर एखादा व्हिडिओ बघून छोटा लेथ मागवणारे तरुण. अशा लोकांनी वर्षातून एकदा एकत्र जमायचं, लेथ लावायचे, एकमेकांचं काम बघायचं, अशी पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. लंडनमध्ये कातारी लोकांच्या मंडळाला १६०४ सालीच राजाची सनद मिळाली होती. अमेरिकेत १९८६ मध्ये अशी संघटना उभी राहिली. तिच्या शेकडो स्थानिक शाखा आहेत आणि दरवर्षी मोठा मेळावा भरतो. त्यात धंदेवाईक थोडे असतात, हौशीच जास्त.

मोबाईलवर काय दिसत नाही?

व्हिडिओत हात दिसतो, हत्यार दिसतं, पातळ सालीसारखी ढलपी उडताना दिसते. हाताला काय जाणवतं ते दिसत नाही. या कामाची सगळी गोम एका गोष्टीत आहे. पटाशीच्या धारेमागे जो उतार असतो, तो आधी फिरत्या लाकडाला टेकला पाहिजे. मग मूठ सावकाश उचलत नेली की धार आपोआप लाकडात शिरते आणि कापू लागते. उतार न टेकवता नुसती धार घुसवली की लाकूड हत्यार पकडतं आणि खाली खेचतं. क्षणात वाडगं फुटतं किंवा हत्यार हातातून निसटतं. शिकणाऱ्या प्रत्येकाला हा झटका कधी ना कधी बसतो.

मेळाव्यात काय होतं, तर अनुभवी माणूस शिकणाऱ्याच्या मागे उभा राहतो आणि त्याच्या मुठीवर आपला हात ठेवतो. "कोपर अंगाला लाव. हाताने ढकलू नको, कमरेतून वळ." दोन मिनिटांत जे कळतं, ते दोन महिने व्हिडिओ बघून कळत नाही. आवाजाचंही तसंच. धार बरोबर लागली की एकसुरी सळसळ येते, बिघडली की टकटक सुरू होते. जुना कातारी पाठ फिरवून चहा पीत असला तरी त्या टकटकीवरून सांगतो की लाकूड सैल झालंय, लेथ बंद कर.

धार लावणं हा तर वेगळाच अभ्यास. नवशिक्याची निम्मी तक्रार लाकडाची नसते, बोथट हत्याराची असते. मेळाव्यात सगळ्यात जास्त गर्दी धार लावायच्या दगडापाशीच होते, लेथपाशी नव्हे.

मागच्या वर्षीचं वाडगं

अशा मेळाव्यात एक लांब टेबल मांडलेलं असतं. आलेला प्रत्येक जण आपण केलेली वस्तू त्यावर ठेवतो. बक्षीस नाही, नंबर नाही. लोक वस्तू उचलतात, तळाला बोट लावतात, कडेची जाडी चाचपतात. बिघडलेलं काम आणणाऱ्याला तर जास्तच भाव मिळतो, कारण ते का बिघडलं यावर तासभर गप्पा रंगतात.

आणि मागच्या खेपेचं वाडगं परत घेऊन येणं, ही खरी भेट. ओल्या लाकडाचं गोल वाडगं कातलं की वाळताना ते लंबगोल होतं. रेषांच्या दिशेने लाकूड फारसं आकसत नाही, आडवं मात्र आकसतं. वर्षभराने तेच वाडगं टेबलावर आलं की कुठलं झाड किती वाकलं, कुठलं तडकलं, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं. जांभूळ कसं वागलं, आंब्याचं काय झालं, बाभळीने किती त्रास दिला. पुस्तकात आपल्याकडच्या झाडांची ही माहिती फारशी सापडत नाही, ती माणसांकडे आहे. म्हणून एखादा जुना हात पुढच्या वर्षी आला नाही, तर नुसती खुर्ची रिकामी राहत नाही. त्याने तीस-चाळीस वर्षं हाताळलेल्या लाकडांचा हिशोबही त्याच्याबरोबर जातो.

मावळ या कामाला नवखं नाही

मळवली स्टेशनवर उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. दोन्ही लेणी दगडाची, पण चैत्यगृहात शिरून वर बघा, छताला लाकडी कमानी आहेत. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं मानतात. कार्ल्याचं त्यानंतरचं, सुमारे ४५ मीटर लांब, देशातल्या चैत्यगृहांमध्ये सगळ्यात मोठं. तिथल्या सागवानी कमानींनी दोन हजारांच्या आसपास पावसाळे काढलेत. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाची आहे.

कार्ल्याच्या शिलालेखांत दानं देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात एक सुतार आहे. धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामी. दाराचं काम त्याने केलं, असं तिथे कोरलेलं आहे. त्याच्या धंद्याला लेखात 'वढकी' म्हटलंय आणि विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात. एकवीरा आईच्या दर्शनाला दरवर्षी इतकी माणसं चढतात, पण शेजारीच एका सुताराचं नाव दगडात आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

जमण्याची रीतही इथे आहेच. माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंती असते. त्या दिवशी सुतार काम बंद ठेवतात, हत्यारं पुजतात, समाजाचे कार्यक्रम होतात. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होतेच. पूजा झाल्यावर दुपारी एक लेथ चालू केला आणि आजूबाजूच्या हौशींना बोलावलं, तर मेळाव्याला वेगळा मांडव घालायची गरज नाही. शिवाय मावळ मुंबई आणि पुण्याच्या मधोमध आहे. पुणे-लोणावळा लोकलने तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली कुठेही उतरता येतं. शहरातल्या हौशीकडे चांगली हत्यारं असतात, पण लाकूड नसतं. गावातल्या सुताराकडे लाकूड आणि हात दोन्ही असतात, पण नव्या वस्तूला गिऱ्हाईक नसतं. दोघांची गाठ पडली तर कोणाचंच नुकसान नाही.

कुडा, लाख आणि केवडा

कर्नाटकातलं चन्नपट्टण कातीव खेळण्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथली खेळणी ज्या पांढऱ्या, गुळगुळीत लाकडाची होतात, ते झाड म्हणजे आपला काळा कुडा. सह्याद्रीत तो उगवतो आणि आपल्याकडे बहुतेक वेळा सरपणात जातो. त्या खेळण्यांना रंग ब्रशने देत नाहीत. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. महाराष्ट्रात सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी नावाजलेली आहे. म्हणजे या कामावर पोट भरणारी गावं आजही आहेत. मावळातून लेणी, किल्ले आणि धरणं बघायला येणारा पर्यटक चिक्की घेऊन परत जातो, त्याच्या पिशवीत एक भोवरा बसायला हरकत नाही.

लाकूड आणायचं कुठून?

इथे सांभाळून. झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९६४ च्या महाराष्ट्राच्या झाडतोड कायद्यात काही झाडांची यादी आहे. त्यात सागाबरोबर आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, ऐन, खैर हीसुद्धा आहेत. त्यांना परवानगी लागते. वनखात्याच्या जमिनीवरची फांदी तर उचलायचीच नाही. पावसात उन्मळून पडलेलं झाड असलं तरी आधी तलाठ्याला किंवा वनरक्षकाला विचारावं. सुताराच्या कारखान्यातले उरलेले तुकडे, जुन्या वाड्याचे वासे, मोडकी खाट, यांत शिकाऊ माणसाचं वर्षभर भागतं. जुन्या लाकडात खिळा राहिलेला नाही ना, ते लोहचुंबक फिरवून पाहावं.

लोणावळ्याच्या पावसात लाकूड वाळवणं ही डोकेदुखीच. पावसाळ्यात दारं फुगतात, तेच लाकडाच्या ठोकळ्याचं होतं. ओला ठोकळा दोन्ही टोकांनी लवकर वाळतो आणि तिथूनच तडकतो. म्हणून टोकांना मेण किंवा जाड रंग फासून ठेवतात. इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं, असा जुना अंदाज आहे.

जीवाशी खेळ नको

फिरत्या लेथजवळ साडीचा पदर, उपरणं, सैल बाही, गळ्यातली साखळी नको. हातमोजेही नकोत, ते लाकडात अडकतात आणि हात आत ओढला जातो. सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून बघायचं. बटण दाबताना लाकडाच्या समोर नव्हे, बाजूला उभं राहायचं. वेगाचा एक सोपा हिशोब हौशी लोक वापरतात. लाकडाचा व्यास इंचात घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा. उत्तर सहा ते नऊ हजारांच्या आत राहावं. म्हणजे बारा इंची वाडग्याला पाचशे ते साडेसातशे फेरे. ओबडधोबड ठोकळा असेल तर त्याहून कमी.

धुळीकडे लोक दुर्लक्ष करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत धरली आहे. चेहरा झाकणारी काच आणि चांगला मास्क लेथच्या खर्चातच धरायचा. ग्राइंडरला लाकूड कापायची दातेरी चकती लावून वाडगी कोरण्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. ते घरी करून बघू नका, ती चकती उसळली की आवरत नाही.

पहिल्यांदाच मेळाव्याला जाणाऱ्याने काय न्यावं? बंद बूट, जाड कापडाचा अर्ध्या बाहीचा शर्ट, स्वतःची एक बोथट पटाशी आणि बिघडलेली एखादी वस्तू. आपल्या शिवारातल्या लाकडाचा वाळलेला, रीतसर मिळवलेला तुकडा असेल तर तोही न्यावा. त्यावर झाडाचं नाव, गाव आणि कापल्याचा महिना खडूने लिहावा. टेबलावर सगळ्यात आधी विचारणा त्याचीच होते.