भोक तर सगळ्यांच्याच हृदयाला होतं

‘बाळाच्या हृदयाला भोक आहे,’ हे ऐकलं की आईबापांच्या पायाखालची जमीन सरकते. पण जन्माच्या क्षणापर्यंत असं एक भोक तुमच्याआमच्याही हृदयाला होतं. ते नसतं, तर आपण जन्मापर्यंत पोचलोच नसतो.

हृदय आधी धडधडतं आणि मग घडतं. फलनानंतर 22-23 दिवसांत ते सुरू होतं. (डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून कागदावर सहावा आठवडा दिसतो.) तेव्हा ना कप्पे, ना झडपा; दोन बारीक नळ्या जुळून झालेली एक नळी फक्त. ती लांबत जाते, जागा पुरत नाही, मग उजवीकडे वळून वेटोळं घेते. पुढे मधले पडदे वाढतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत चार कप्पे होतात. एवढं बांधकाम चालतं, पण रक्त क्षणभरही थांबत नाही. उबवणीच्या अंड्यात चौथ्या दिवसाच्या सुमारास पिल्लाच्या हृदयाचा उड्या मारणारा लाल ठिपका ॲरिस्टॉटलनेही पाहिला होता.

पोटात बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात; प्राणवायू येतो वारेतून, नाळेवाटे. तेव्हा सगळं रक्त फुप्फुसांत पाठवून उपयोग काय? म्हणून वरच्या दोन कप्प्यांमध्ये खिडकी असते, उजवीकडून डावीकडेच उघडणारी. शिवाय फुप्फुसाकडे निघालेलं बरंचसं रक्त एका आखूड नळीने परस्पर महाधमनीत जातं. बाळ पहिला ट्यँहा करतं, फुप्फुसं उघडतात, डावीकडचा दाब वाढतो आणि खिडकीचं झाकण मिटतं. नळीही दोन-तीन दिवसांत आवळते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आयब्युप्रोफेन घेऊ नका म्हणतात, त्याचं एक कारण ही नळीच: त्या गोळीने ती पोटातच आवळू शकते. उलट अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती उघडी राहिली, तर हेच औषध कामी येतं!

खिडकीचं झाकण मिटलं तरी साधारण दर चौघांत एकाचं पुरतं चिकटत नाही. बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. काळजीचं भोक वेगळं, पडदाच अपुरा राहिल्याने पडलेलं. त्यातलीही लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

तुमचं तान्हं दूध पिताना घामाघूम होत असेल, मध्येच धापा टाकत असेल, वजन धरत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ओठ-जीभ निळी पडत असेल, तर थेट दवाखाना गाठा. 2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाची तपासणी मोफत होते. अंगणवाडीत विचारा.