सव्वीसपैकी चोवीस : स्वस्त परफ्यूमची परीक्षा

परफ्यूमच्या दुकानात अनेकदा दोन प्रकारच्या बाटल्या शेजारी शेजारी दिसतात. एक नामांकित परदेशी कंपनीची, काही हजार रुपये किमतीची. दुसरी तिच्या दहाव्या हिश्शात मिळणारी. दुसरीकडे बोट दाखवून दुकानदार सांगतो, "वास अगदी तोच आहे." हे खरे असू शकेल का? वर्गात हा प्रश्न निघाला तर दोन ठरावीक उत्तरे येतात. "सगळे नावाचे पैसे असतात," हे एक, आणि "स्वस्त म्हणजे नकली," हे दुसरे. दोन्ही उत्तरे न तपासता दिलेली आहेत. आपण ती तपासून पाहू.

आधी एक फरक लक्षात घेऊ. दुसऱ्याचे नाव आणि बाटली वापरून विकलेला माल तो नकली. ती सरळ फसवणूक असून बाटलीत काय भरले आहे याची कोणतीच खात्री नसते. स्वतःच्या नावाने, पण प्रसिद्ध परफ्यूमसारखा वास देणारा माल तो पर्यायी. या लेखात विचार करायचा आहे तो पर्यायी मालाचा.

न्यायालयात गेलेला वास

लांकोम या फ्रेंच कंपनीने १९९० मध्ये 'त्रेझोर' नावाचे परफ्यूम बाजारात आणले. पुढे केकोफा ही डच कंपनी 'फीमेल ट्रेझर' नावाचे, कितीतरी स्वस्त परफ्यूम विकू लागली. लांकोम न्यायालयात गेली. दोन्ही द्रवांचे रासायनिक विश्लेषण झाले. त्रेझोरच्या वासाला कारणीभूत असणाऱ्या २६ घटकांपैकी २४ घटक स्वस्त परफ्यूममध्येही सापडले. पंचविसाव्याच्या, म्हणजे एका कस्तुरीगंधी द्रव्याच्या, जागी त्याच जातीचे स्वस्त द्रव्य वापरलेले होते. जून २००६ मध्ये नेदरलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने वासालाही लेखनासारखा स्वामित्वहक्क असू शकतो असे म्हटले. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात नेमका उलटा निर्णय दिला. पुढे २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने चीजच्या चवीला असा हक्क नाकारला, कारण चव नेमकी आणि वस्तुनिष्ठपणे निश्चित करता येत नाही. हा युक्तिवाद वासालाही लागू पडतो.

कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवू. आपला प्रश्न वेगळा आहे. २६ पैकी २४ घटक सारखे असतील, तर वास सारखा असतो का?

नक्कल कशी होते?

परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेले सुगंधी द्रव्यांचे मिश्रण. त्यातील घटक वेगळे करण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र वापरतात. द्रवाचा अगदी लहान थेंब तापवून त्याची वाफ एका लांबलचक, केसासारख्या बारीक नळीतून वायूच्या प्रवाहाबरोबर सोडतात. लवकर उडणारे घटक साधारणपणे आधी बाहेर पडतात, जड घटक मागून येतात. बाहेर पडणारा प्रत्येक घटक कोणता हे त्याला जोडलेले दुसरे यंत्र रेणूच्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून सांगते. थोडक्यात, पाककृती लिहून मिळते.

त्रेझोरसारख्या परफ्यूमच्या बाबतीत हे काम आणखी सोपे असते. त्याचा मोठा भाग मेथिल आयोनोन, हेडिओन, आयसो ई सुपर आणि गॅलॅक्सोलाइड या चार कृत्रिम द्रव्यांनी बनलेला आहे. ही द्रव्ये कारखान्यात तयार होतात आणि कोणालाही विकत मिळतात. कृत्रिम सुगंधांचा हा मार्ग जुनाच आहे. विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये वाळलेल्या गवताचा वास देणारे कुमारिन प्रयोगशाळेत बनवले आणि १८८२ मध्ये ते एका फ्रेंच परफ्यूममध्ये वापरलेही गेले. तेव्हा "महाग ते नैसर्गिक, स्वस्त ते कृत्रिम" ही समजूत टिकत नाही. दोन्ही बाटल्यांमध्ये कृत्रिम द्रव्ये असतात.

यंत्र कुठे कमी पडते?

पहिली अडचण अल्प घटकांची. गुलाबाच्या तेलात बीटा-डॅमॅसिनोन नावाचे द्रव्य हजारात दीड भागही नसते. पण आपले नाक त्याला इतके संवेदनशील आहे की गुलाबाच्या वासात त्याचा वाटा फार मोठा असतो. यंत्राच्या आलेखावर जे शिखर जेमतेम दिसते, ते नाकासाठी मुख्य असू शकते. म्हणून २६ पैकी २४ म्हणजे ९२ टक्के सारखेपणा, हा हिशेब वासाला लागू पडत नाही. उरलेले दोन घटक कोणते, यावर सारे अवलंबून असते.

दुसरी अडचण आरशातील प्रतिमेची. आपले डावे आणि उजवे हात सारखे असूनही एकाचा मोजा दुसऱ्याला बसत नाही. काही रेणूंच्या अशाच दोन जोड्या असतात. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यात आणि बाळंतशोपात एकच द्रव्य आहे, कार्व्होन. पण एकातला रेणू दुसऱ्यातल्या रेणूची आरशातील प्रतिमा आहे, आणि दोघांचा वास वेगळा. नाकातील ग्राही प्रथिनांना हा फरक कळतो. क्रोमॅटोग्राफच्या साध्या नळीला कळत नाही, त्यासाठी खास नळी लागते.

तिसरी अडचण मालकीची. मोठ्या सुगंध कंपन्या शोधून काढलेले काही रेणू पेटंट घेऊन स्वतःपुरतेच ठेवतात. पेटंटची मुदत संपेपर्यंत नक्कल करणाऱ्याला त्यांच्या जवळपासचे काहीतरी वापरावे लागते. खऱ्या फुलांचे महाग तेल वापरले असेल तरीही हेच होते, कारण अशा तेलात शेकडो घटक असतात.

वेळेचा भाग

परफ्यूमचा वास स्थिर नसतो. लिंबूवर्गीय द्रव्ये काही मिनिटांत उडून जातात, फुलांचे वास काही तास राहतात, कस्तुरीगंधी आणि लाकडासारखे वास दुसऱ्या दिवशीही कागदावर सापडतात. दुकानात आपण पहिला अर्धा मिनिट हुंगून निर्णय घेतो. नक्कल साधणे सर्वांत सोपे असते ते याच टप्प्यावर, आणि बचत दडवणे सोपे असते ते तळाशी राहणाऱ्या द्रव्यांत.

किमतीची तुलनाही बाटलीवरून करू नये. ५० मिलिलिटरच्या बाटलीत १० टक्के सुगंधी द्रव्य असेल तर ते ५ मिलिलिटर होते. ३० मिलिलिटरच्या बाटलीत २० टक्के असेल तर ६ मिलिलिटर. लहान बाटलीत माल जास्त निघाला! शिवाय महाग बाटलीच्या किमतीत जाहिरात, वेष्टन आणि दुकानाचा नफा हेही मोजलेले असते.

वर्गात करून पाहा

नावाचा प्रभाव नाकावरही पडतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकच वास लोकांना 'चीज' असे सांगून आणि 'अंगाचा वास' असे सांगून हुंगवला. चीज म्हटल्यावर तो अधिक बरा वाटला. म्हणून परीक्षा नाव झाकूनच घ्यायला हवी.

महाग बाटली आणायची गरज नाही. दोन दुकानांतील मोगऱ्याची अत्तरे चालतील. गाळण कागदाच्या सारख्या पट्ट्या कापा. प्रत्येक विद्यार्थ्याला तीन पट्ट्या द्या. दोन एका अत्तराच्या, एक दुसऱ्याच्या. पट्ट्यांवर फक्त आकडे लिहा, आणि वेगळे अत्तर कोणते हे प्रत्येकाच्या बाबतीत चिठ्ठी टाकून ठरवा. विद्यार्थ्याने फक्त वेगळी पट्टी ओळखायची. नुसत्या अंदाजाने ३० पैकी सुमारे १० जण बरोबर येतील. १५ किंवा अधिक जण बरोबर आले तर फरक खरोखर जाणवतो असे मानायला आधार आहे. हाच प्रयोग अर्ध्या तासाने, तीन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पट्ट्यांवर पुन्हा करा. दोन वासांमध्ये मिनिटभर थांबा, कारण नाक थकते. अत्तर त्वचेवर लावू नका आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना प्रयोगापासून दूर बसवा.

एक सूचना महत्त्वाची. फरक ओळखता आला म्हणजे महाग वास चांगला ठरला असे नाही. "वेगळे कोणते?" आणि "आवडले कोणते?" हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, दुसऱ्याची नोंद वेगळ्या कागदावर घ्या.

तेव्हा दुकानदाराचे "अगदी तोच" हे विधान नेहमीच खोटे नसते, पण ते अपुरे असते. कोणत्या तासाला तोच? किती जणांच्या नाकाला? नाव झाकून की दाखवून? एवढे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर ती परफ्यूमखेरीज इतर कितीतरी जाहिरातींपुढे उपयोगी पडेल.